हायरॉक्सचा निकाल कसा वाचावा आणि पुढच्या वेळी मिनिटं कुठून काढावीत

हायरॉक्स म्हणजे धावणं आणि व्यायाम आलटून पालटून करायची शर्यत. ती संपली की मोबाइलवर निकालाचा तक्ता उघडता येतो. त्यात वीसेक आकडे असतात. बहुतेक जण त्यातला एकच पाहतात, तो म्हणजे एकूण वेळ. तो स्टेटसला ठेवला जातो, अभिनंदनाचे अंगठे येतात, आणि सोमवारी मंडळी जिममध्ये जाऊन आधी जे करत होती तेच जरा जास्त घाम गाळून करू लागतात. तीन-चार महिन्यांनी पुन्हा शर्यत होते आणि वेळ फारशी हललेली नसते.

हा लेख त्या उरलेल्या आकड्यांसाठी आहे. तुमची एक शर्यत झाली असेल तर स्वतःचा तक्ता समोर ठेवून वाचा. पहिलीच शर्यत करणार असाल तरी उपयोग होईल, कारण पुढे ज्या चुका मांडल्या आहेत त्या जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

शर्यत थोडक्यात

हायरॉक्स २०१७ मध्ये जर्मनीत सुरू झालं. दोन संस्थापकांपैकी मोरित्स फ्युर्स्टे हा हॉकीतला ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. भारतातली पहिली शर्यत मे २०२५ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात झाली आणि त्याच वर्षी जुलैत दिल्लीत दुसरी. शर्यत बंद हॉलमध्ये होते आणि जगभर आराखडा एकच असतो: १ किलोमीटर धावा, एक व्यायाम करा, पुन्हा १ किलोमीटर, पुढचा व्यायाम, असं आठ वेळा.

व्यायामांचा क्रमही ठरलेला. १,००० मीटर स्कीअर्ग (उभं राहून दोऱ्या खाली ओढायचं यंत्र), ५० मीटर स्लेड पुश (वजनाची घसरगाडी ढकलणं), ५० मीटर स्लेड पुल (तीच दोरीने ओढणं), ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (जमिनीवर छाती टेकवून उठायचं आणि पुढे लांब उडी मारायची), १,००० मीटर रोइंग (वल्हवण्याचं यंत्र), २०० मीटर फार्मर्स कॅरी (दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं), १०० मीटर सँडबॅग लंजेस (खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन एकेक गुडघा टेकवत पुढे जाणं) आणि शेवटी १०० वॉल बॉल्स (खाली बसून उठत जड बॉल उंच लक्ष्यावर फेकणं). ओपन, म्हणजे सर्वसाधारण गटात पुरुषांना स्लेड पुश १५२ किलो (स्लेडच्या वजनासह), पुल १०३ किलो, फार्मर्स कॅरीला दोन्ही हातांत २४-२४ किलो, २० किलोची सँडबॅग आणि ६ किलोचा बॉल. महिलांना अनुक्रमे १०२, ७८, १६-१६, १० आणि ४ किलो. प्रो गटात वजनं वाढतात. डबल्समध्ये दोघांनीही सगळं अंतर सोबत धावायचं आणि व्यायाम वाटून घ्यायचे. रिलेमध्ये चौघांत सगळंच वाटलं जातं. पुढचं विवेचन एकट्याने धावणाऱ्यांसाठी आहे.

धावण्याची फेरी आणि व्यायामाच्या जागा यांच्यामधला जो पट्टा असतो त्याला रॉक्सझोन म्हणतात. घोट्याला बांधलेली चिप त्याचीही वेळ वेगळी नोंदवते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पायरी १: तक्ता उघडण्याआधी लिहून काढा

शर्यत झाली त्याच संध्याकाळी, आकडे न पाहता, दहा ओळी लिहा. कुठे चालावं लागलं, कुठे श्वास हाताबाहेर गेला, पंचाने कुठे नो-रेप दिली (म्हणजे नियमात न बसलेली फेक किंवा उडी मोजली नाही), पाणी कुठे प्यायलात, सकाळी काय आणि किती वाजता खाल्लं, कोणते बूट होते, स्लेडवर पाय घसरले का. नो-रेप किती झाल्या हे कुठल्याही तक्त्यात मिळत नाही, आणि दोन दिवसांनी तुम्हालाही आठवणार नाही.

मनगटावरच्या घड्याळावर या शर्यतीत फार विसंबू नका. छताखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे घड्याळ पावलांवरून अंतराचा अंदाज बांधतं. मुठी आवळून वजन उचलताना मनगटावरची हृदयगतीही बरेचदा चुकते. छातीचा पट्टा असेल तर बरं. वेळेसाठी चिपचाच आकडा धरा.

पायरी २: तक्त्याचे तीन ढीग करा

धावणं, व्यायाम आणि रॉक्सझोन. समजायला सोपं जावं म्हणून मी एक काल्पनिक तक्ता रचला आहे. ओपन गटातला पुरुष, पहिलीच शर्यत, एकूण १ तास ३७ मिनिटं ४० सेकंद.

धावणं, किलोमीटरनिहाय: ५:०५, ५:३५, ६:०५, ६:१०, ६:२०, ६:१५, ६:२०, ७:००. बेरीज ४८:५०.

व्यायाम: स्कीअर्ग ४:३५, स्लेड पुश ३:२०, स्लेड पुल ५:५०, बर्पी ६:००, रोइंग ४:५०, फार्मर्स २:२५, लंजेस ५:३०, वॉल बॉल्स ८:१०. बेरीज ४०:४०.

रॉक्सझोन: ८:१०.

हा माणूस शर्यतीनंतर काय सांगेल? "स्लेडनं मारलं." सगळे हेच सांगतात, कारण स्लेडची आठवण अंगात राहते. पण दोन्ही स्लेड मिळून नऊ मिनिटं दहा सेकंद झाली. तो धावत होता जवळपास एकोणपन्नास मिनिटं, म्हणजे निम्मी शर्यत. आणि ज्या पट्ट्यात तो ना धावत होता ना वजन उचलत होता, तिथे आठ मिनिटांहून जास्त गेली. स्लेड पुशच्या दुपटीहूनही जास्त.

पायरी ३: आधी धावणं तपासा

सरासरी काढू नका, उतार बघा. पहिला किलोमीटर ५:०५ आणि शेवटचा ७:००, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटांचा फरक. मधले सहा किलोमीटर काढले तर प्रत्येकी सुमारे ६:०७.

आता प्रश्न असा विचारायचा: हाच माणूस आठही किलोमीटर एकाच वेगाने, समजा ५:५० ने, धावला असता तर? बेरीज ४६:४० झाली असती. म्हणजे २ मिनिटं १० सेकंद कमी, तेही पहिले दोन किलोमीटर हळू धावून. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने मिनिटभर कमावलं आणि पुढच्या सहांत तीन मिनिटं दहा सेकंद घालवली.

हे का होतं, ते सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलं की कळतं. दणदणीत संगीत, निवेदकाची आरोळी, शेजारी ताजेतवाने लोक, आणि आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय. ५:०५ सहज वाटतो. त्याची किंमत स्लेडनंतर वसूल होते.

कुठल्या व्यायामानंतर धावणं पडलं तेही पाहा. तिसरा किलोमीटर स्लेड पुशनंतरचा, पाचवा बर्पीनंतरचा, आठवा लंजेसनंतरचा. फक्त तिसरा आणि आठवाच कोसळला असेल तर मांड्यांची ताकद कमी पडते आहे. पाचवा कोसळून पुन्हा सावरला असेल तर बर्पी झेपेल त्याहून वेगात केल्या. तिसऱ्यापासून सगळेच हळूहळू घसरत गेले असतील तर सुरुवात चुकली किंवा मुळात दमसास कमी आहे.

या शेवटच्या दोहोंतलं कोणतं खरं, ते ओळखायला एक साधी चाचणी करा. शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, पाय मोकळे झाल्यावर, सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर पूर्ण ताकदीने ५ किलोमीटर धावा. आपल्या नमुन्यातला माणूस समजा २६ मिनिटांत धावला, म्हणजे किलोमीटरला ५:१२. शर्यतीतली सरासरी ६:०६. फरक ५४ सेकंदांचा. माझा ढोबळ ठोकताळा असा की हा फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास असेल तर तुम्ही तुमच्या धावण्याच्या कुवतीइतकं धावलात, आता कुवतच वाढवायला हवी. पाऊण मिनिटाच्या वर गेला तर धावता येतं, पण थकलेल्या पायांनी धावता येत नाही. दोन्हींचा सराव वेगळा.

इकडे हायरॉक्सला येणाऱ्यांत ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि मुंबई मॅरेथॉन करून आलेले, ज्यांना धावण्याची चिंता नसते आणि स्लेड हलत नाही. दुसरे जिममधले, दीडशे किलोची डेडलिफ्ट मारणारे, ज्यांचे बूट रस्त्याला कधी लागलेलेच नसतात. गंमत अशी की दोघेही शर्यतीनंतर आपल्याला आवडतं तेच जास्त करतात. तक्ता वाचण्याचा मुख्य फायदा मला तरी हाच वाटतो, तो तुम्हाला नावडत्या गोष्टीकडे ढकलतो.

पायरी ४: रॉक्सझोन

८:१० भागिले आठ, म्हणजे प्रत्येक व्यायामामागे मिनिटभर. यात हॉलची रचना येतेच, पट्टा कुठे लांब असतो, कुठे आखूड. त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या शर्यतीशी हा आकडा ताडून पाहू नका. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये तुमच्या आसपास संपवणाऱ्यांशी ताडून पाहा.

वेळ तीन ठिकाणी जाते. पहिलं, व्यायाम संपला की माणूस चालायला लागतो. हळू का होईना, पळत बाहेर पडलात तर प्रत्येक वेळी काही सेकंद वाचतात. दुसरं, पाणी, ऊर्जेसाठी घ्यायची जेल, रुमाल, बुटाची नाडी. पाणी कुठे प्यायचं ते आधी ठरवा. तिसरं, आपली पुढची जागा कुठे ते न कळल्यामुळे उगाच इकडेतिकडे बघणं. सकाळी लवकर पोहोचून, परवानगी असेल तिथवर, हॉलभोवती एक फेरी मारा आणि सगळ्या जागांचा क्रम डोळ्यांखालून घाला.

मात्र रॉक्सझोन फुगण्याचं मूळ बरेचदा आधीच्या किलोमीटरमध्ये असतं. शेवटचे दोनशे मीटर जिवाच्या आकांताने पळून आत आलात तर आत चालावंच लागणार. आठ मिनिटांवरून सहा मिनिटांवर येण्यासाठी ताकद लागत नाही, शिस्त लागते. म्हणून नवख्यांची सगळ्यात स्वस्त दोन मिनिटं इथेच असतात.

फेऱ्यांची मोजणी ही तुमची जबाबदारी. एका किलोमीटरमध्ये किती फेऱ्या हे हॉलनुसार बदलतं, आणि एक फेरी कमी पडली तर दंड बसतो. दमल्यावर तीनपर्यंतही मोजता येत नाही, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पायरी ५: यंत्रांवरचं गणित समजून घ्या

स्कीअर्ग आणि रोइंग ही दोन्ही यंत्रं कॉन्सेप्ट२ कंपनीची असतात. पडद्यावर ५०० मीटरला किती वेळ लागतो आहे ते दिसतं. या यंत्रांत हवेचा रोध असतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ऐकायला कोरडं वाटेल, पण शर्यतीत सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती हीच.

उदाहरण घेऊ. ५०० मीटरला २:२० चा वेग ठेवायला सुमारे १२८ वॅट लागतात. २:१० ला १५९. २:०० ला २०३. म्हणजे २:१० वरून २:०० वर आलात तर १,००० मीटरमध्ये वाचतात फक्त २० सेकंद, आणि त्यासाठी सव्वापटीहून जास्त जोर लावावा लागतो. धावण्यात असं नसतं. तिथे जोर आणि वेग बऱ्यापैकी सोबत वाढतात, त्यामुळे तेवढाच जास्तीचा जोर पळण्यात घातला तर त्याचा परतावा कितीतरी मोठा.

नमुन्यातल्या माणसाने स्कीअर्ग ४:३५ मध्ये केलं, म्हणजे ५०० मीटरला २:१७.५. त्याला ४:२० वर यायचं असेल तर शक्ती १८ टक्क्यांनी वाढवावी लागेल, मिळतील १५ सेकंद, आणि पुढ्यात स्लेड उभीच. माझं स्पष्ट मत: पहिल्या दोन-तीन शर्यतींत या दोन यंत्रांवर वेळ कमावण्याच्या फंदात पडू नका. स्कीअर्गवर श्वास ताब्यात ठेवा. रोइंग पाचव्या क्रमांकावर, बर्पी आणि त्यानंतरच्या किलोमीटरनंतर येतं, तिथे तर थोडी विश्रांतीच घ्या. बसून करता येणारं एवढं एकच काम या शर्यतीत आहे.

बाजूला १ ते १० आकड्यांचा जो दांडा असतो, तो १० वर नेला की यंत्र 'जास्त व्यायाम देतं' असा समज जिमजिममध्ये आहे. तो दांडा फक्त प्रत्येक ओढ जड की हलकी वाटेल ते ठरवतो. तुम्ही किती शक्ती लावता ते तुमच्यावर. ५-६ च्या आसपास ठेवा, सरावात जो जमला तोच शर्यतीत लावून घ्या.

पद्धत सुधारली तर मात्र काही सेकंद फुकट मिळतात. स्कीअर्ग हातांनी ओढायचं नसतं. कंबरेतून वाकून अंगाचं वजन दोरीवर टाकायचं. रोइंगमध्ये आधी पाय, मग पाठ, शेवटी हात, आणि परत येताना उलटा क्रम.

पायरी ६: बाकीच्या व्यायामांचा हिशेब

स्लेडची वेळ तिच्याखाली अंथरलेल्या गालिच्यावर अवलंबून असते. एका हॉलमध्ये ती सरकते, दुसऱ्यात चिकटून बसते. तेव्हा मिनिटं न बघता आपल्या वयोगटात त्या व्यायामात आपण साधारण कितव्या जागी होतो ते बघा. पुशमध्ये हात वाकवून खांदे स्लेडला टेकवायचे किंवा हात सरळ ताठ ठेवायचे, जे तुम्हाला जमेल ते. पण पावलं छोटी ठेवा आणि स्लेड थांबू देऊ नका. थांबलेली स्लेड पुन्हा हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. ५० मीटर साडेबारा मीटरच्या चार फेऱ्यांत होतात, थांबायचंच असेल तर फेरीच्या टोकाला थांबा. पुलमध्ये नुसत्या हातांनी ओढणाऱ्यांचे पंजे दुसऱ्या फेरीतच जातात. दोरी घट्ट धरून मागे चाला, अंगाचं वजन मागे टाका आणि जमलेली दोरी पायांत येऊ देऊ नका.

गावात किंवा लहान शहरात स्लेड मिळत नसेल तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मैदानावर टायर ओढतात, तसा कमरेला किंवा हाताला दोर बांधून टायर ओढा. अंदाज येतो, वजनाचा आकडा जुळला नाही तरी चालेल. फार्मर्स कॅरीसाठी पाण्याचे वीस लिटरचे दोन भरलेले जार पुरेत, फक्त धरायला पक्की मूठ हवी.

बर्पी ब्रॉड जंपमध्ये साधा भागाकार करा. ८० मीटर, उडी एक मीटरची, म्हणजे ८० बर्पी. एकीला साडेचार सेकंद धरले तर सहा मिनिटं. उडी फक्त दहा सेंटिमीटरने वाढली तर ७३ बर्पीत काम होतं आणि अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त वाचतं. दीड मीटरच्या उड्या मारायच्या भानगडीत पडू नका, चौथ्या-पाचव्या उडीनंतर मांड्या पेटतात. एकच लय पकडायची आणि ती ८० मीटर सोडायची नाही.

फार्मर्स कॅरी सोडून द्या. तिथे २:२५ चे २:१० केलेत तरी पंधराच सेकंद. लंजेसमध्ये गुडघा जमिनीला टेकलाच पाहिजे आणि पिशवी खाली ठेवता येत नाही, म्हणून थांबायचं तर उभं राहून, पिशवी खांद्यावरच ठेवून. पिशवी मानेवर उंच बसवा, खाली घसरली की पाठ वाकते आणि श्वास अडकतो.

पायरी ७: वॉल बॉल्सवर वेगळा वेळ द्या

हा व्यायाम सगळ्यात शेवटी येतो आणि नवख्यांच्या तक्त्यात बहुधा सगळ्यात मोठा आकडा हाच असतो. नमुन्यातले ८:१० म्हणजे ४९० सेकंद. एक वॉल बॉल, खाली बसून उठून लक्ष्याला मारेपर्यंत, दोन ते अडीच सेकंदांचा. शंभरांचे २०० ते २५०. मग उरलेली चार मिनिटं? बॉल जमिनीवर होता आणि माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता.

म्हणजे इथे वेगाने फेकायची गरज नाही, कमी उभं राहायची गरज आहे. आधीच गट ठरवून जा. उदाहरणार्थ २०, १५, १५ आणि मग दहा-दहाचे पाच. शंभर झाले. मध्ये सात विश्रांती, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे १४०. फेकण्याचे २४०. बेरीज ३८० सेकंद, ६ मिनिटं २० सेकंद. अचूक पाळलं नाही तरी साडेसहा मिनिटांत उरकतं, जुन्या वेळेपेक्षा १ मिनिट ४० सेकंद कमी.

पण एक अट आहे: विश्रांती सेकंदांत मोजायची नाही, श्वासांत मोजायची. सहा-सात श्वास झाले की बॉल उचलायचा, तयार वाटो न वाटो. तयार वाटण्याची वाट पाहिली की मिनिट जातं.

नो-रेप इथे सगळ्यात महाग पडते. बसताना कंबर गुडघ्यांच्या खाली गेलीच पाहिजे आणि बॉल लक्ष्यावर लागलाच पाहिजे. लक्ष्य पुरुषांना ३ मीटर, महिलांना २.७ मीटर उंचीवर असतं. खोल बसायचा सराव नसेल तर आपल्याकडच्या तालमीतल्या बैठका काढा. पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका रोज पन्नास-साठ केल्या तर वॉल बॉलचं निम्मं काम झालं, आणि त्यासाठी जिमची फी लागत नाही. मात्र गुडघ्यांची जुनी तक्रार असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पायरी ८: कुणाशी तुलना करायची

विजेत्याशी नाही. जगातले अव्वल पुरुष प्रो गटाची वजनं घेऊनही तासाच्या आत संपवतात, त्यांचा तक्ता बघून करमणूक होते, शिकायला मिळत नाही. तुमच्याच शर्यतीत, तुमच्याच वयोगटात, तुमच्यापेक्षा पाच ते सात मिनिटं आधी संपवलेले चार-पाच तक्ते उघडा. निकाल सगळ्यांना खुले असतात. प्रत्येक ओळ शेजारी शेजारी मांडा आणि फरक लिहा.

हे करताना एक गोष्ट हमखास दिसेल. या चार-पाच जणांतला कुणीतरी एखाद्या व्यायामात तुमच्याहून हळू असेल. तरी तो पुढे आहे, कारण त्याचं कुठेच मोठं भगदाड नाही. तुमचे फरक मोठ्या ते लहान असे लावा. वरचे तीन घ्या, खालचे विसरा.

पायरी ९: मिनिटांची किंमत ठरवा

नमुन्यातल्या माणसाची यादी अशी होईल. समान वेगाने धावणं, २:१०. रॉक्सझोन सहा मिनिटांवर, २:१०. वॉल बॉल्स साडेसहावर, १:४०. बर्पी साडेपाचवर, ०:३०. बेरीज साडेसहा मिनिटं. नवी वेळ १ तास ३१ मिनिटं १० सेकंद.

यात पहिल्या दोन ओळींना, म्हणजे चार मिनिटं वीस सेकंदांना, नवी ताकद फारशी लागत नाही. स्लेडचा विशेष वर्ग लावून, महिनाभर घाम गाळून, पुलमध्ये तीस-चाळीस सेकंद मिळतील. तेही हवेतच, पण नंतर. जिमवाल्यांना स्लेडचे वर्ग विकणं सोपं जातं, कारण ते व्हिडिओत छान दिसतात. हळू धावायला शिकवण्याचे वर्ग कोण लावणार?

पायरी १०: दहा आठवड्यांचा सराव

नोकरी सांभाळून आठवड्याला पाच दिवस, तासाभराचे, एवढं गृहीत धरतो.

दोन दिवस निवांत धावणं, बोलता येईल इतक्या वेगाने, पाऊण ते एक तास. हे कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारं आहे. उन्हाळ्यात आणि दमट दिवसांत हाच वेग ठेवताना हृदयगती जास्त दिसेल, तेव्हा घड्याळाचा वेग सोडा आणि श्वास धरा. एक दिवस तेज धावणं: १ किलोमीटरचे चार-पाच तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिला आणि शेवटचा तुकडा पाच सेकंदांच्या फरकात आला पाहिजे. येत नसेल तर वेग चुकीचा निवडला आहे.

एक दिवस ताकद: स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंगच्या धाटणीचं ओढणं, लंजेस. आणि एक दिवस मिश्र सराव, जो या शर्यतीचा गाभा आहे. १ किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, लगेच २५ वॉल बॉल्स, पुन्हा १ किलोमीटर, लगेच ३० लंजेस, पुन्हा १ किलोमीटर, २० बर्पी, पुन्हा १ किलोमीटर. पाहायचं एकच: चौथा किलोमीटर पहिल्यापेक्षा किती मागे पडला. पहिल्या आठवड्यात ४० सेकंद पडला आणि आठव्यात १५, तर तुम्ही सुधारलात, एकूण वेळ काहीही येवो. वहीत हाच आकडा लिहा.

सातव्या किंवा आठव्या आठवड्यात अर्धी शर्यत करून बघा, चार धावणी आणि शेवटचे चार व्यायाम. पूर्ण शर्यतीची तालीम करू नका. सावरायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि नवीन असं काही कळत नाही. शेवटच्या दहा दिवसांत सराव निम्म्यावर आणा.

पायरी ११: शर्यतीचा दिवस

खाणं नेहमीचंच. दोन-तीन तास आधी पोहे किंवा उपमा, नंतर एखादं केळं. मिश्र सरावाच्या दिवशी हेच खाऊन पाहिलेलं असावं. मित्राने दिलेली जेल त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. बूट ओल्या गालिच्यावरही पकड घेणारे हवेत. फार उंच, मऊ टाचेचे मॅरेथॉनचे बूट स्लेडवर दगा देतात.

पहिले दोन किलोमीटर ठरलेल्या वेगाच्या पाच सेकंद मागेच राहा. लोक पुढे जातील. जाऊ द्या, त्यातले निम्मे लंजेसवर भेटतात. तळहातावर पेनने चार आकडे लिहून ठेवा: किलोमीटरचा वेग, स्कीअर्गचा वेग, रोइंगचा वेग आणि वॉल बॉल्सचे गट. सहाव्या किलोमीटरनंतर, फार्मर्स कॅरी झाली की अंगात काही शिल्लक आहे का ते तपासा. असेल तर सातव्या-आठव्या धावण्यात काढा, लंजेसवर घाई करून काढू नका.

आणि संध्याकाळी पुन्हा त्याच दहा ओळी. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. हॉल बदलला असेल तर धावण्याचा पट्टा थोडा लांब-आखूड असू शकतो, गालिचा वेगळा असतो, रॉक्सझोन वेगळा असतो. त्यामुळे एकूण वेळेआधी तीन गोष्टी ताडून पाहा: दुसऱ्या आणि आठव्या किलोमीटरमधला फरक, वॉल बॉल्समध्ये बॉल किती वेळा खाली ठेवला, आणि वयोगटातली जागा शेकड्यात किती सरकली. नमुन्यातल्या माणसाचा पहिला फरक १ मिनिट २५ सेकंदांचा होता. तो पाऊण मिनिटाच्या आत आला असेल तर पुढच्या दहा आठवड्यांत स्लेडचा वर्ग खुशाल लावा.